बाटलीवरचं क्यू १० आणि तळपायाच्या मुंग्या

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.
माझं वय ६३. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि पहिल्या दिवसापासून मेटफॉर्मिन घेते. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. तेव्हापासून कोलेस्टेरॉलसाठी अटोरवास्टॅटिन, जोडीला ॲस्पिरिन आणि रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी चालू आहे. गेले पाच महिने फार थकवा येतो. पोटऱ्या भरून येतात, तळपायांना मुंग्या येतात, रात्री आग होते. रात्री दिवा न लावता उठले तर पाऊल नीट पडत नाही.

भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमुळे शरीरातलं को-एन्झाइम क्यू १० संपतं आणि स्नायू व हृदय उपाशी राहतात, असं त्यात होतं. माझी सगळी लक्षणं त्यात सांगितली होती. मी क्यू १० ची बाटली मागवली आणि तीन आठवड्यांपूर्वी कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनानेच बंद केली. पोटऱ्या जरा हलक्या वाटतात, मुंग्या तशाच आहेत. यजमानांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, त्यांना वॉरफरिन चालू आहे. त्यांनाही चार दिवसांपासून एकेक कॅप्सूल देते आहे. केस गळतात म्हणून मी बायोटिनही घेते. माझ्यात को-एन्झाइमची कमतरता असेल का? ती कुठल्या तपासणीत कळते? क्यू १० किती दिवस घ्यावं?

ता. क. डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही, रागावतील. आणि बाटली अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, तिचं काय करू?

— तुमची एक वाचक

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी यजमानांचं. त्यांना आजपासून ती कॅप्सूल देऊ नका. वॉरफरिन चालू आहे म्हणजे झडप बहुधा धातूची असणार, आणि धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणूनच ती गोळी असते. वॉरफरिन काम करतं ते 'के' जीवनसत्त्वाला अडवून. क्यू १० ची रासायनिक घडण या 'के'शी मिळतीजुळती आहे, त्यामुळे ते घेतल्यावर वॉरफरिनचा जोर कमी पडल्याच्या, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) खाली आल्याच्या नोंदी आहेत. एका लहानशा चाचणीत असा फरक आढळला नाही, हेही खरं. पण ज्या माणसाच्या हृदयात धातूची झडप आहे त्याच्यावर ही शंका आपण घरात तपासून बघायची नसते. तेव्हा उद्याच त्यांचा आयएनआर करून घ्या आणि चार दिवस काय दिलं ते त्यांच्या डॉक्टरांना सांगा. क्यू १० अंगातून सावकाश उतरतं, म्हणून आठ-दहा दिवसांनी आयएनआर पुन्हा बघावा लागेल. मधल्या काळात वॉरफरिनची मात्रा स्वतःहून वर-खाली करू नका. एकाएकी बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, दम लागला, तर वाट न बघता इस्पितळ गाठा.

दुसरं तुमच्या गोळीचं. स्टेंट असलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाने स्टॅटिन, म्हणजे तुमच्या अटोरवास्टॅटिनच्या गटातली गोळी, बंद करणं ही किरकोळ गोष्ट नाही. स्टेंटने एक अरुंद जागा मोकळी केली, बाकीच्या रक्तवाहिन्या होत्या तशाच आहेत. त्यांच्यातला चरबीचा थर शांत ठेवण्याचं काम ती गोळी करत होती. तीन आठवडे गेले त्याबद्दल घाबरून जाऊ नका, पण चौथा जाऊ देऊ नका. या आठवड्यात डॉक्टरांना भेटून ती पुन्हा कशी सुरू करायची ते ठरवा. ॲस्पिरिन चालू आहे ना? पत्रात बंद केल्याचं लिहिलेलं नाही, म्हणून धरून चालते.

आता व्हिडिओकडे. त्यातलं निम्मं खरं आहे, आणि पंचाईत तीच आहे. सगळंच खोटं असतं तर तुम्ही दोन मिनिटांत बंद केला असता.

को-एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं 'सहविकर'. शरीरातली रासायनिक कामं एन्झाइम करतात, पण त्यातली कितीतरी एकटी असताना हात बांधल्यासारखी असतात. त्यांना लागणारा छोटा, निराळा जोडीदार म्हणजे को-एन्झाइम. हे पहिल्यांदा दिसलं त्याची गोष्ट मला फार आवडते. १९०६ साली आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी यीस्टचा रस एका बारीक गाळणीतून दाबून गाळला. मोठे रेणू वर राहिले, छोटे खाली उतरले. वरच्या भागात साखर टाकली तर काही होईना, खालच्या भागातही होईना. दोन्ही एकत्र केले आणि पुन्हा बुडबुडे यायला लागले. खालचा भाग उकळला तरी त्याचा गुण जात नव्हता, म्हणजे तो एन्झाइम नव्हता. एन्झाइम उकळल्यावर मरतं. त्या 'खालच्या' पदार्थाला आज आपण एनएडी म्हणतो. तो बनतो नायसिन या 'बी' गटातल्या जीवनसत्त्वापासून.

हे सांगायचं कारण असं की 'को-एन्झाइमची कमतरता' हा एक आजार नाही. को-एन्झाइमं अनेक आहेत. थायमिनपासून बनणारं कमी पडलं की बेरीबेरी होतो, नायसिनचं कमी पडलं की पेलाग्रा. बी ६, बी १२, फोलेट, रायबोफ्लेविन, बायोटिन, या सगळ्यांपासून को-एन्झाइमं बनतात किंवा ती स्वतःच ते काम करतात. 'को-एन्झाइम' म्हटलं की हल्ली सगळ्यांना फक्त क्यू १० आठवतं, कारण जाहिरात त्याची आहे. तुमच्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मला 'हो' असं द्यावंसं वाटतं: तुमच्यात को-एन्झाइमची कमतरता असण्याची बरीच शक्यता आहे. फक्त ते तुम्ही मागवलेलं नव्हे. त्या दुसऱ्याकडे येते, आधी बाटलीतलं संपवू.

क्यू १० सापडलं १९५७ मध्ये. विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन आणि त्यांचे सहकारी गुरांच्या हृदयाच्या पेशींवर काम करत होते, तिथे. पुढच्याच वर्षी कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रचना नक्की केली. आपल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्ट्या असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि त्या देवघेवीत ऊर्जा बांधली जाते. इमारतीच्या कामावर माणसं रांगेत उभी राहून विटा झेलतात ना, तसं. त्या रांगेत बहुतेक जण जागेवर उभे असतात; पहिल्या दोघांकडून वीट घेऊन तिसऱ्यापर्यंत चालत जाणारा एकच असतो, तो क्यू १०. तो नसेल तर रांग थांबते. व्हिडिओतलं हे चित्र अगदी बरोबर आहे. (ही रांग शेवटी ऊर्जा कशी बांधते हे सांगणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.)

पण हे जीवनसत्त्व नाही. जीवनसत्त्व बाहेरून घ्यावं लागतं, क्यू १० शरीर स्वतः बनवतं. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्यापुरतं बनवते. जेवणातून दिवसाला जेमतेम तीन ते सहा मिलिग्रॅम येतं आणि तेवढ्यावर कुणाचं काही अडत नाही. म्हणून तर त्याची रोजची शिफारस केलेली मात्राच ठरवलेली नाही.

मग स्टॅटिनचा संबंध कुठे आला? यकृतात कोलेस्टेरॉल बनतं त्याच वाटेवर पुढे एक फाटा फुटून क्यू १० बनतं. स्टॅटिन ही वाट सुरुवातीलाच अरुंद करतं, तेव्हा दोन्हीकडची वर्दळ कमी होते. स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तातलं क्यू १० कमी दिसतं, यात वाद नाही. पण रक्तात ते वाहून नेतं कोण? एलडीएल कोलेस्टेरॉलचेच कण. गोळीने गाड्याच कमी केल्या तर त्यांच्यातला माल मोजताना कमी भरणारच. स्नायूंच्या आत ते खरोखर घटतं का, यावर अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. आणि क्यू १० दिल्याने स्टॅटिनवाल्यांचं अंगदुखीचं प्रमाण कमी होतं का, यावरही नाही. काही चाचण्यांत थोडा फायदा, काहींत काहीच नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी आजवर ते लिहून दिलं नाही, यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

'पण माझ्या पोटऱ्या हलक्या झाल्या त्याचं काय?' असं तुम्ही म्हणाल. झाल्या असतील, मी खोटं म्हणत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली सॅमसन नावाची एक चाचणी आहे, ती ऐका. दुखतं म्हणून ज्यांनी स्टॅटिन सोडून दिलं होतं अशी साठ माणसं घेतली. प्रत्येकाला वर्षभराच्या बाटल्या दिल्या: काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी, आणि काही महिने रिकामी बाटली, म्हणजे काहीच नाही. कुठल्या महिन्यात काय आहे हे रिकाम्या बाटलीखेरीज कुणाला कळत नव्हतं. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. काहीच न घेण्याच्या महिन्यांत सरासरी ८, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३, आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४. गोळी थांबवल्यावर मिळणारा आराम दोन्ही वेळा सारखाच होता. म्हणजे दुखणं मनाचे खेळ होतं असं नव्हे, गुण देताना पाय दुखतच होते. गोळी घेतो आहोत या जाणिवेनेच शरीर तो त्रास उभा करत होतं.

२०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने याहून पुष्कळ मोठा आढावा छापला. त्यात स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या होत्या आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी. खरोखर गोळीमुळे होणारा जो थोडा जास्तीचा त्रास होता तो पहिल्या वर्षातच दिसला, वर्षाला हजारी अकरा माणसं. तुम्ही तीन वर्षं तीच गोळी घेत आहात आणि दुखणं पाच महिन्यांचं आहे. मध्ये मात्रा वाढवली होती का? एखादं नवं औषध जोडलं गेलं का? काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधं स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण चढवतात. तसं काही नसेल, तर अचानक आता गोळीवर खापर फोडायला मी तयार नाही.

स्टॅटिनने स्नायूंना खरोखर इजा होते, क्वचित होते, पण होते. त्यासाठी क्रिएटिन कायनेज, म्हणजे सीके, नावाची रक्ताची तपासणी आहे. मांड्या, नितंब, खांदे दोन्ही बाजूंनी सारखे दुखायला लागले, जिना चढताना ताकदच लागेनाशी झाली, किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. तेवढं नसेल आणि तरी गोळी सोसत नसेल, तर मात्रा कमी करता येते, दुसरं स्टॅटिन देऊन बघता येतं, एक दिवसाआड देता येतं, इझेटिमाइबसारखं निराळं औषध आहे. गोळी सोडायची की दुखणं सोसायचं, एवढे दोनच रस्ते नाहीत.

आता माझंही सांगून टाकते, म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकते आहे असं वाटायला नको. काही वर्षांपूर्वी मलाही स्टॅटिन सुरू झालं, दोन महिन्यांत गुडघ्याच्या वर दुखायला लागलं आणि मी, डॉक्टर असून, गुपचूप क्यू १० घेतलं. चार महिने. दुखणं गेलं. मैत्रिणींना सांगत सुटले. मग जुनी डायरी चाळताना लक्षात आलं की त्याच चार महिन्यांत मी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले होते, रोज वीस मिनिटं. श्रेय मात्र बाटलीला दिलं, कारण ती डोळ्यांसमोर टेबलावर उभी होती.

क्यू १० कुठेच उपयोगी नाही असंही नाही. जन्मतःच ते बनवण्याच्या जनुकात दोष असणारी मुलं असतात, फार थोडी. मूत्रपिंडातून प्रथिनं जातात, तोल जातो, फेफरं येतं, स्नायू दुबळे पडतात. तिथे लवकर ओळखून भरपूर मात्रेत क्यू १० दिलं तर काहींना खरंच फायदा होतो. हे निदान स्नायूचा तुकडा काढून आणि जनुकीय तपासणी करून होतं; नेहमीच्या रक्ततपासणीत दिसणारं क्यू १० पेशीच्या आतलं सांगत नाही, म्हणून ती तपासणी तुम्ही करू नका. वयाबरोबर हृदयातलं त्याचं प्रमाण घटतं हेही खरं, पण घटलं म्हणजे आजार झाला असं होत नाही. तसं असतं तर पिकलेल्या केसांनाही औषध द्यावं लागलं असतं.

हृदय दुबळं पडलेल्या ४२० रुग्णांवर क्यू-सिम्बिओ नावाची चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला. दिवसातून तीनदा शंभर मिलिग्रॅम, दोन वर्षं, नेहमीच्या औषधांच्या जोडीला. गंभीर घटना क्यू १० च्या गटात १५ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात २६ टक्क्यांना झाल्या. आशा वाटावी असा निकाल आहे, चाचणी मात्र लहान. पार्किन्सनसाठी मोठ्या आशेने ६०० रुग्णांना दिवसाला २४०० मिलिग्रॅमपर्यंत दिलं, उपयोग शून्य. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तुमचं हृदय दुबळं नाही, स्टेंट बसवला आहे. त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता ते दुसरं को-एन्झाइम.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: दिवा न लावता उठले तर पाऊल नीट पडत नाही. दिव्यात पडतं, अंधारात पडत नाही. पाय कुठे आहे हे मेंदूला कळवणाऱ्या मज्जातंतूंचा निरोप पोचेनासा झाला की डोळे ती उणीव भरून काढतात, आणि अंधार झाला की डोळेही हात वर करतात. हे थकलेल्या स्नायूंचं लक्षण नाही, मज्जातंतूंचं आहे. त्यात मुंग्या, रात्रीची आग, थकवा. आणि नऊ वर्षं मेटफॉर्मिन, तीन वर्षं ॲसिडिटीची गोळी. मला पहिला संशय बी १२ चा येतो.

बी १२ अन्नातून येताना प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. तुमच्या सकाळच्या गोळीने ते आम्लच कमी केलं आहे. सुटं झालेलं बी १२ लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन अडथळा आणतं. म्हणजे एक दार अर्धं लावलेलं, दुसरंही अर्धं लावलेलं. रोजची गरज तशी नखाएवढीसुद्धा नाही, २.४ मायक्रोग्रॅम, आणि यकृतात काही वर्षांचा साठा असतो. म्हणूनच ही कमतरता औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांत दिसत नाही, पाच-दहा वर्षांनी दिसते, तोवर कारण विसरलेलं असतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्याला अशी लक्षणं असतील तर बी १२ तपासा, असं ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम कळवलं.

शरीर या बी १२ ची दोन को-एन्झाइमं घडवतं. एक डीएनए बनवण्याच्या कामाला मदत करतं, म्हणून कमतरतेत रक्तपेशी नीट बनत नाहीत. मज्जातंतूंवरचं वेष्टण, वायरीवर प्लास्टिक असतं तसं, शाबूत राहायलाही बी १२ लागतं. ते विरलं की निरोप अर्ध्यातच गळतो. आणि रक्त चांगलं असूनही मज्जातंतू बिघडलेले असू शकतात. 'माझं हिमोग्लोबिन ठीक आहे, मग बी १२ कसं कमी?' असं म्हणून पुष्कळ जण वर्षं घालवतात.

इथे एक खाच आहे. मधुमेहानेही तळपायाला अशाच मुंग्या येतात. त्यामुळे मुंग्या सांगितल्या की 'साखरेमुळे आहे' म्हणून विषय मिटतो. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि त्यातलं बी १२ भरून काढता येतं, तेही लवकर केलं तर. फार उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान पूर्ण भरत नाही.

डॉक्टरांकडे गेलात की ते कदाचित एक दोन दातांचा धातूचा चिमटा काढतील, वाद्याचे सूर लावायला वापरतात तसला. तो तळहाताच्या कडेवर आपटला की गुणगुणतो. त्याचा दांडा तुमच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवून ते विचारतील, 'थरथर कळते का? थांबली की सांगा.' माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण डोळे मिटून लगेच म्हणायचे, 'थांबली.' आणि माझ्या बोटांत तो अजून चांगला गुणगुणत असायचा. मग मी तोच दांडा त्यांच्या मनगटाच्या हाडावर ठेवायची आणि ते दचकून डोळे उघडायचे. कुठल्याही रिपोर्टच्या आधी मला काय ते कळून जायचं. तुमच्या डॉक्टरांनी चिमटा काढला नाही, तर तुम्ही विचारा. त्यात काही गैर नाही.

रक्ताच्या तपासण्या: बी १२, हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, थायरॉइड, सीके, क्रिएटिनिन, डी जीवनसत्त्व आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी. बी १२ साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता स्पष्टच. २०० ते ३०० च्या मध्ये आलं तर 'नॉर्मल' छापलेलं बघून परत फिरू नका. अशा वेळी मिथाइलमॅलोनिक ॲसिड नावाची तपासणी उत्तर देते. पेशीत बी १२ चं काम अडलं की ते ॲसिड साठतं.

पण रक्त देण्याआधी केसांची ती बायोटिनची गोळी थांबवा. निदान दोन दिवस, मात्रा मोठी असेल तर किती दिवस ते प्रयोगशाळेला विचारून. बायोटिन हे स्वतः एक को-एन्झाइम आहे, आणि काही रक्ततपासण्यांच्या यंत्रात तेच वापरलेलं असतं. तुमच्या रक्तात ते जास्त असेल तर यंत्र फसतं. थायरॉइडचा रिपोर्ट वाढलेल्या थायरॉइडसारखा येऊ शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटंच कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याचा इशारा दिला होता. स्टेंट असलेल्या बाईने तर हे पक्कं लक्षात ठेवावं: कधी छातीत दुखून इस्पितळात जावं लागलं तर 'मी बायोटिन घेते' हे तोंडून पहिलं निघालं पाहिजे.

तोवर मज्जातंतूंच्या म्हणून मिळणाऱ्या मिश्र गोळ्याही सुरू करू नका. दोन कारणं. त्यात फोलिक ॲसिड असेल तर रक्त सुधारतं, बी १२ ची कमतरता झाकली जाते आणि मज्जातंतू मागे बिघडतच राहतात. आणि त्यात बी ६ बरंच असतं. हे तर फारच विनोदी आहे, म्हणजे सोसणाऱ्याला नाही: बी ६ दीर्घकाळ जास्त घेतलं की त्यानेच हातापायांना मुंग्या येतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची दिवसाची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. मुंग्या जाव्यात म्हणून गोळी, गोळीने मुंग्या, म्हणून आणखी गोळी, असं चक्र मी पाहिलेलं आहे.

कमतरता निघालीच तर मज्जातंतूंचा त्रास असल्यामुळे डॉक्टर बहुधा इंजेक्शनने सुरुवात करतील. पुढे रोजची हजार मायक्रोग्रॅमची गोळीही पुरते, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतलं एखादा टक्का नेहमीच्या दारातून न जाताही झिरपतं. मेटफॉर्मिन सोडायची गरज नसते. ॲसिडिटीची गोळी मात्र अजून लागते का ते विचारा. ॲस्पिरिनबरोबर पोटाच्या रक्षणासाठी दिली असेल तर लागेलही, स्वतःहून बंद करू नका. यावेळी तरी.

आणि डॉक्टर रागावतील याबद्दल. रागावतील कदाचित, पाच मिनिटं. कागदावर लिहून न्या: कुठली गोळी कधी बंद केली, कुठली कधी सुरू केली, यजमानांना काय दिलं. बोलताना जीभ अडते, कागद अडत नाही. रागावल्यावर तपासतील, तोच तुमचा उद्देश आहे. एखादे डॉक्टर फक्त रागावले आणि तपासलं नाही, तर मग दुसरे शोधा.

राहिली बाटली. लेबल उलटं करून बारीक अक्षर वाचा. पुढे मोठ्या आकड्यात '२०० मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं आणि मागे 'एका मात्रेत दोन कॅप्सूल', म्हणजे एका कॅप्सूलमध्ये शंभरच. साधं क्यू १० पिवळट-नारिंगी असतं, बोटाला लागलं तर डाग पडतो. 'युबिक्विनॉल' असं लिहिलं असेल तर ते मुळात पांढरट असतं आणि हवेत राहून पिवळं पडतं. शरीर दोन्ही रूपं आपल्या सोयीने अदलाबदल करून घेतं, त्यामुळे त्या नावासाठी जीव टाकू नका. ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही. उपाशीपोटी घेतलंत तर बरंचसं तसंच बाहेर जातं.

सध्या झाकण घट्ट लावून अंधारात, थंड जागी ठेवा आणि यजमानांच्या गोळ्यांच्या डब्यापासून लांब. स्टॅटिन परत सुरू होऊन रिपोर्ट हातात आले, बी १२ भरलं, आणि त्यानंतरही पोटऱ्या दुखत राहिल्या तर डॉक्टरांच्या संमतीने तुम्ही ती संपवायला हरकत नाही: रोज एक कॅप्सूल, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर, सकाळी किंवा दुपारी, कारण रात्री घेतल्यावर काहींची झोप उडते. पोट बिघडलं तर थांबा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दाब मोजत राहा, तो थोडा उतरू शकतो. रोज झोपताना दुखण्याला दहापैकी गुण लिहा. दोन महिन्यांनी आकडे हलले नसतील तर दुसरी बाटली मागवू नका.

बी १२ चा आकडा आला की मला कळवा. यजमानांच्या आयएनआरचा त्याआधी.